बालवाडीतल्या मावशींची नात

भिंतीपलीकडून पोराचं रडणं ऐकून ते कशासाठी रडतंय हे कमल हिवाळेंना सांगता येतं. भुकेचं रडणं वेगळं, आईसाठीचं वेगळं, आणि चड्डी ओली झाल्यावर लाजेनं येणारे बारीक हुंदके तर अगदीच वेगळे. घाटकोपरला असल्फ्याच्या उतारावर पालिकेची एक मराठी शाळा आहे. तिच्या तळमजल्यावर बालवाडी भरते, आणि तिथं कमलताई गेली बावीस वर्षं मदतनीस आहेत. पोरं त्यांना मावशी म्हणतात. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता रिक्षा चालवतात, दुकानं सांभाळतात, एक जण तर पोलिसात आहे. तो भर नाक्यावर मोटरसायकल थांबवून विचारतो, "मावशी, ओळखलं का?" मावशी त्याला वरपासून खालपर्यंत बघतात आणि म्हणतात, "तू भात सांडायचास."

हे काम त्यांना मागून मिळालं नव्हतं. लग्न होऊन जालन्याकडून मुंबईला आल्या तेव्हा नवरा रतन मरोळला एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होता. मुलगी माधुरी पहिलीत गेली आणि कमलताई रोज तिला सोडायला-आणायला शाळेत जाऊ लागल्या. एक दिवस बालवाडीच्या दारात एका पोरानं भडाभडा उलटी केली. तेव्हाच्या बाई नाकाला पदर लावून "अगं कुणीतरी या गं" म्हणत उभ्या राहिल्या. कमलताईंनी माधुरीचं दप्तर खिडकीत ठेवलं, पोराचं तोंड धुतलं, फरशी पुसली, आणि पोराला मांडीवर घेऊन घोट घोट पाणी पाजलं. हेडबाई वरून जिन्यातून बघत होत्या. खाली येऊन म्हणाल्या, "उद्यापासून येता का?" कमलताईंनी घरी न विचारताच हो म्हटलं. आयुष्यात न विचारता केलेली तेवढी एकच गोष्ट, असं त्या अजून सांगतात.

माधुरी त्याच शाळेत सातवीपर्यंत शिकली, पुढे बारावी झाली, लॅबचा कोर्स केला. आता अंधेरीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसते. तिचा नवरा प्रितम लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. दोघं आईबापांपासून दोनच गल्ल्या खाली राहतात, आणि त्यांची तेजल दिवसभर आजोबांकडे असते. रतनराव दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा, आता घरात बसून करायचं काय, अशी त्यांना धास्ती होती. तेजलनं ती महिन्याभरात घालवली.

यंदाच्या जानेवारीत तेजलला तीन वर्षं पूर्ण झाली आणि शाळेचा विषय निघाला. प्रितमच्या मनात सरळ हिशोब होता. आईंची बालवाडी आहे, आई स्वतः तिथं आहेत, मग अजून काय पाहिजे? पण एका संध्याकाळी माधुरी कामावरून येताना एक रंगीत कागद घेऊन आली. खालच्या रस्त्याला जिमच्या वरच्या मजल्यावर इंग्रजी नर्सरी निघाली होती. कागदावर टाय लावलेली पोरं हसत होती.

कमलताई मेथी निवडत होत्या. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "आपल्या शाळेत काय वाईट आहे गं?"

"वाईट नाही."

"मग?"

"आई, नको ना विचारूस."

"विचारते. बावीस वर्षं लोकांच्या पोरांना नेतेय मी तिथं. माझ्या नातीला न्यायचं नाही, तर का नाही ते कळू दे मला."

माधुरीनं पर्स खाली ठेवली. मग एका दमात बोलली, जणू ते वाक्य कधीपासून तयारच होतं. "मला शाळेत काय म्हणायचे माहितीये? मावशीची पोरगी. मधल्या सुट्टीत डबा उघडला की म्हणायचे, हिच्याकडचं घेऊ नका रे, हिची आई शी धुते. चौथीपर्यंत ऐकलं मी. तेजलनं नाही ऐकायचं."

रतनराव तेजलला मांडीवर घेऊन बसले होते, त्यांनी उगाचच तिचे केस सारखे केले.

"मला कधी बोलली नाहीस," कमलताई म्हणाल्या.

"बोलून काय झालं असतं? काम सोडलं असतंस?"

त्या काळात त्यांच्या पगाराशिवाय घर चाललं नसतं, हे माधुरीलाही ठाऊक होतं, म्हणून तर ती गप्प राहिली होती. कमलताईंनी मेथीची जुडी संपवली, काड्या कागदात गुंडाळल्या आणि एवढंच म्हणाल्या, "घाल तुला पाहिजे तिथं. तुझी पोर आहे."

दुसऱ्या दिवशी बालवाडीत एका मुलीला धुताना त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांना वाटलं, ह्या पोरीचा मोठा भाऊ वर तिसरीत आहे, तो काय बोलत असेल? आणि माझी सहा-सात वर्षांची पोर डबा मांडीवर घेऊन एकटी बसायची, तेव्हा मी खाली ह्याच नळापाशी उभी होते. ती मुलगी "मावशी, पाणी थंड लागतंय" म्हणाली तेव्हा त्या भानावर आल्या.

दुपारी जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं."

"एवढी वर्षं मनात ठेवलं पोरीनं."

रतनरावांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आता बाहेर आलं ना," ते म्हणाले. "येऊ दे. आत राहण्यापेक्षा बरं."

नर्सरीचा कागद माधुरीच्या फ्रीजवर चुंबकाखाली लटकत राहिला.

फेब्रुवारीत रतनरावांना डोळे तपासायला जायचं होतं. औषध घालून बसवतात, अर्धा दिवस जातो, तिथं पोरीला कुठं न्यायचं? माधुरी-प्रितम दोघं कामावर. कमलताईंनी बालवाडीच्या शिक्षिका शर्मिष्ठाताईंना विचारलं. शर्मिष्ठाताई मुलुंडहून येतात, बारा वर्षं ह्या वर्गात आहेत, आणि कमलताईंशिवाय आपला वर्ग एक दिवस चालणार नाही हे त्या कुणालाही सांगतात. त्या म्हणाल्या, "आणा की. बसेल कोपऱ्यात."

तेजल खरोखरच कोपऱ्यात बसली. पाठ भिंतीला, पाय समोर, हातात आजोबांनी दिलेलं बिस्कीट. तिनं गाणी म्हटली नाहीत, मण्यांना हात लावला नाही, कुणी बोलायला आलं तर नुसती बघत राहिली. सव्वीस पोरं होती. एक आईसाठी रडत होतं, एकानं दुसऱ्याचा खडू खाल्ला, एकीची वेणी सुटली, दोघांना एकाच वेळी शू लागली. कमलताई इकडून तिकडे, तिकडून इकडे. नातीकडे बघायला त्यांना जेमतेम दोनदा सवड मिळाली, आणि दोन्ही वेळा ती तशीच बसलेली, बिस्कीट तसंच हातात. खिचडी आली तेव्हा चार घास खाल्ले तेवढेच.

घरी येताना त्यांनी विचारलं, "आवडली का शाळा?"

तेजल आजीचं बोट धरून रस्त्याकडे बघत चालत राहिली. कमलताई समजायचं ते समजल्या. पोरीला आवडलं नाही, आणि एका परीनं बरंच झालं, माधुरीला आता वाईट वाटायला नको.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला माधुरीचा फोन आला. आवाज अगदी दबलेला. "आई, ये जरा. लगेच ये. आणि दार वाजवू नको, उघडंच आहे."

कमलताई हातातलं काम टाकून धावत गेल्या. वाटेत नाही नाही ते मनात आलं. माधुरी दाराशीच उभी होती. तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि आत दाखवलं.

तेजलनं डाळीचे डबे भिंतीशी ओळीत मांडले होते. त्यांच्यापुढे प्रितमचे बूट, मग एक बाहुली, एक पाण्याची बाटली. कमरेला माधुरीची ओढणी खोचलेली, अगदी कमलताई पदर खोचतात तशी, डाव्या बाजूला. ती एका बुटापुढे उकिडवी बसली होती.

"कोण रडतंय? तू रडतोस? इकडे ये. नाक पूस. आई गेली नाय, आई कामाला गेली. काम झालं की येणार." मग डब्याकडे वळून, "तुला शू आली ना? मग सांगायचं ना मावशीला. लाजायचं नाय. चल. मावशी आहे ना."

तिनं डबा उचलला, मोरीपर्यंत नेला, तिथं त्याला व्यवस्थित बसवलं, धुतल्यासारखं केलं, ओढणीच्या टोकानं पुसलं आणि परत आणून ओळीत ठेवला. त्याच्या झाकणावरून हात फिरवला.

माधुरीनं हळूच विचारलं, "तेजू, टीचर झालीस का गं तू?"

तेजलनं आईकडे असं बघितलं की हिला एवढंसुद्धा कळत नाही. "टीचर नाय. मावशी." आणि कोपऱ्यातल्या कुकरकडे बोट करून म्हणाली, "टीचर ती. ती बसलीय."

माधुरीला हसू फुटलं. हसता हसता ती मागे फिरली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते ते हसण्यानं की आणखी कशानं, हे कमलताईंना पाठमोऱ्या पोरीकडे बघून कळलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. आत जाऊन त्या डब्यांच्या ओळीत बसल्या आणि नातीला म्हणाल्या, "मावशी, मला पण भूक लागली."

"थांबायचं," तेजल म्हणाली. "सगळ्यांना मिळणार."

थोड्या वेळानं माधुरी चहा घेऊन आली. डोळे धुतलेले दिसत होते. कप खाली ठेवत तिनं विचारलं, "आई, फॉर्मला काय काय लागतं गं?"

"जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड आणि दोन फोटो," कमलताईंनी सवयीनं धडाधडा सांगितलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला काय विचारलं गेलंय.

प्रवेश एप्रिलमध्ये सुरू झाले. कमलताई म्हणाल्या, मी फॉर्म घरी आणते, सही कर, झालं. माधुरीनं ऐकलं नाही. "बाकीच्या आया येतात तशी मी येणार," ती म्हणाली, आणि लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी घेऊन आली. तेजलला चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी घेतलेला निळा फ्रॉक घातला होता. फोटोही त्याच फ्रॉकमध्ये काढला होता. त्यात ती एवढी गंभीर दिसत होती की फोटोवाल्यानं तीनदा "हस ना बेटा" म्हणून शेवटी नाद सोडला होता.

प्रवेशाच्या दिवसांत कागद तपासायचं काम दाराशी कमलताईच करायच्या. रांगेत माधुरीच्या पुढे चार आया होत्या. तिची पाळी आली. कमलताईंनी एकेक कागद बघितला.

"लसीकरणाचं कार्ड?"

माधुरीनं पर्स उलटीपालटी केली. "अगं घरी राहिलं बहुतेक. नंतर देते ना."

"कार्ड नाही तर फॉर्म पुढे जात नाही."

"आई, लस टोचायला तूच तर घेऊन गेली होतीस तिला!"

"मी गेले असेन. कागद कुठंय? आत्ताच एका बाईंना मी परत पाठवलं, बाकीच्या बघतायत." कमलताईंनी मागे उभ्या असलेल्या आयांकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आणि इथं आई नाही म्हणायचं. मावशी म्हणायचं."

माधुरी तोंड फुगवून पायऱ्या उतरली, घरी गेली, कार्ड घेऊन घामाघूम होत परत आली. तोवर तेजल आजीच्या शेजारी स्टुलावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला "कार्ड आणलं?" म्हणून विचारत होती.

शर्मिष्ठाताईंनी फॉर्म भरायला घेतला. जन्मतारीख, पत्ता, आईवडिलांचं शिक्षण. मग रिवाजाप्रमाणे विचारलं, "मुलीला न्यायला कोण येणार?"

"आजी," माधुरी म्हणाली.

"नाव सांगा."

शर्मिष्ठाताईंना नाव ठाऊक नव्हतं थोडंच. पण त्या पेन धरून थांबल्या, आणि माधुरीनंही सगळं नीट सांगितलं. "कमल रतन हिवाळे."

"व्यवसाय?"

कमलताई तेव्हा एका पोराला पाणी देत होत्या. कान इकडेच होते. त्यांना वाटलं, घरकाम सांगेल. तसं बरेच जण सांगतात, त्यात काही वावगं नाही.

"बालवाडी मदतनीस," माधुरी म्हणाली. आवाज चांगला मोठा होता, रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल असा. "इथंच. बावीस वर्षं."

फॉर्मवर त्या रकान्यात एका शब्दापुरती जागा होती. शर्मिष्ठाताईंनी बारीक अक्षरात सगळं लिहिलं, शेवटचे दोन शब्द समासात गेले. कमलताईंच्या हातातल्या पेल्यातलं पाणी पोराच्या शर्टावर सांडलं आणि तो ओरडला, "मावशी, भिजलो ना!"

जूनच्या मध्यावर शाळा उघडली. कमलताईंना वाटलं होतं, बाकीच्या पोरांना पंधरा दिवस लागतात, आपलीला एक दिवससुद्धा लागायचा नाही. पहिल्या दिवशी तेजल आजीचं बोट धरून ऐटीत आत आली, आणि आजी दुसऱ्या पोराला उचलून घेतेय हे बघताच तिनं जो टाहो फोडला तो वरच्या मजल्यावर सातवीच्या वर्गापर्यंत गेला.

कमलताईंकडे अशा वेळचा एक हुकमी उपाय होता. रडणाऱ्या पोराच्या हातात एक मोठी किल्ली द्यायची आणि सांगायचं, ही शाळेची किल्ली, तू सांभाळ, हरवली तर कुणालाच घरी जाता येणार नाही. पोर किल्ली मुठीत घट्ट धरतं आणि कामाच्या ओझ्यानं रडायचं विसरतं. त्यांनी तेजलपुढे किल्ली धरली.

"ही खोटी आहे!" तेजल रडता रडता ओरडली. "खरी तुझ्या पिशवीत असते! मला कडेवर घे!"

बाकीच्या पोरांनीही त्या किल्लीकडे संशयानं बघितलं. कमलताईंना कडेवर घेता येत नव्हतं. एकीला घेतलं तर पंचवीस हात वर होतात, आणि आपल्याच नातीला घेतलं असं उद्या कुणी म्हणायला नको. त्या उभ्याच राहिल्या. शर्मिष्ठाताई जवळ येऊन म्हणाल्या, "कमलताई, तुम्ही बाहेर जा. तुम्ही दिसलात की ती थांबणार नाही. जा, पाच मिनिटांत गप्प होईल."

हे वाक्य कमलताईंनी शेकडो आयांना सांगितलं होतं. त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन खिडकीखाली उभ्या राहिल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ते आजीसाठीचं रडणं होतं, त्यात भुकेचा, शूचा, कसलाच भाग नव्हता. व्हरांड्यातल्या घड्याळाप्रमाणे एकोणीस मिनिटांनी ते थांबलं. थांबल्यावर त्यांना जास्तच भीती वाटली. त्यांनी टाचा उंच करून खिडकीतून बघितलं. तेजल एका लाल फ्रॉकवाल्या पोरीच्या शेजारी बसून तिच्या वहीतलं काहीतरी बोटानं दाखवत होती, आणि नाक अजून गळत होतं. कमलताईंनी पदरानं स्वतःचं नाक पुसलं.

घरी रतनरावांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. सगळ्या आया खिडकीशी का उभ्या राहतात ते कळलं."

आठवड्याभरात तेजल रुळली, पण वर्गात एक साथ पसरवून. तिचं बघून सगळी पोरं कमलताईंना "आज्जी" म्हणायला लागली. बावीस वर्षांत हे पद त्यांना कुणी दिलं नव्हतं. "मी तुमची आज्जी नाही रे, मावशी म्हणा!" त्या दटावायच्या. पोरं म्हणायची, "हो आज्जी." शर्मिष्ठाताई फळ्याकडे तोंड करून हसायच्या.

ऑगस्टमध्ये पालकसभा झाली. दरवर्षी सभेच्या दिवशी कमलताई खुर्च्या लावतात, पाणी देतात, शेवटी खुर्च्या उचलतात. यंदाही लावल्या. माधुरीला त्या दिवशी लॅबमध्ये सुट्टी मिळाली नाही, प्रितमला एका टॉवरमध्ये लिफ्ट अडकल्याचा फोन आला. सकाळी माधुरी म्हणाली, "आई, तूच बस पालक म्हणून. आणि बसायचं हां, उभी नको राहूस."

शर्मिष्ठाताईंनी यादीतून नाव घेतलं, "तेजल प्रितम गवई. पालक आहेत का?"

कमलताई मागच्या बाजूला पाण्याचा जग घेऊन उभ्या होत्या. त्यांनी जग खिडकीत ठेवला, पदर सारखा केला आणि टेबलासमोरच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसल्या. त्या खुर्च्या त्यांनी किती वेळा पुसल्या असतील, पण बसायला किती लहान असतात हे त्यांना तेव्हा समजलं. गुडघे छातीला लागत होते.

"तेजल छान जेवते," शर्मिष्ठाताई वहीत बघत म्हणाल्या. "गाणी पाठ होतात. बोलणं स्पष्ट आहे. फक्त एक आहे, खडू कुणाला देत नाही. मागितला की मुठीत लपवते."

कमलताईंना रोज दिसतच होतं ते. परवाच त्यांनी तिच्या मुठीतून पिवळा खडू सोडवून दुसऱ्या पोराला दिला होता. पण खुर्चीत बसलेल्या बाईला ते काही पटेना.

"घरी देते हो ती सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "इथंच कुणीतरी तिचा घेत असणार."

शर्मिष्ठाताईंनी वहीवरून मान वर केली. दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग दोघींना एकदमच हसू आवरेना. मागे बसलेल्या पालकांना काही कळलं नाही. कमलताईंनी डोळे पुसत वहीत जिथं दाखवलं तिथं सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून. मग त्या उठल्या, आणि पुढच्या पालकाला खुर्ची ओढून दिली.